वडाळा ते जामखेड

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत दर जानेवारीला नवं कॅलेंडर भिंतीवर चढतं, आणि त्यातल्या एखाद्या पानावर यिर्मया २९:११ असतंच. देवाच्या मनात आपल्या हिताची योजना आहे, असं आश्वासन देणारं वचन. खाली बहुधा सूर्योदय, नाहीतर फुलपाखरू.

माझी भाची नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. युवक शिबिरातून परतली ती एकच प्रश्न घेऊन: देवानं माझ्यासाठी काय ठरवलंय ते मला कळणार कसं? पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थनेत राहा. तिची आई म्हणाली, आखातात नर्सेसना चांगला पगार आहे. मी म्हटलं, चल, जामखेडला जाऊन येऊ. मात्र आधी वडाळ्याला जायचं, कारण गोष्ट तिथून सुरू होते.

वडाळा बहिरोबा हे नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं गाव, अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. इथल्या मिशन दवाखान्यात १९६२ ते ६६ डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम केलं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९६० साली लग्न झालं तेव्हाच खेड्यातल्या गरिबांसाठी राबायचं, असं दोघांनी देवासमोर ठरवलं होतं. म्हणजे पाचारण वगैरे सगळं आधीच पक्कं. वडाळ्यात रोग्यांची रीघ लागे, ऑपरेशनं होत, लोक दुवा देत. आणि जुलाबानं कोमेजलेलं जे पोर बरं करून पाठवलं, ते थोड्या दिवसांनी त्याच आईच्या कडेवर परत येई. पाणी तेच, उपासमार तीच. दवाखाना कितीही चांगला चालला तरी आजार गावातच राहत होता.

रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे त्यांना देवाचं चुकीचं ऐकू आलं होतं?"

"नाही गं. अर्धंच ऐकू आलं होतं."

एसटी आली. घोडेगावला कांद्याची पोती आणि शिंगणापूरहून परतणारे भाविक एकाच दारातून आत घुसले. नगरला गाडी बदलायची होती. या शहरात रेव्हरंड ना. वा. टिळकांची बरीच वर्षं गेली, आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात पाचारणाचं जे चित्र असतं ते त्यांच्याच गोष्टीवरून आलंय, असं मला वाटतं. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटतो, नवा करार हातात देतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल म्हणून सांगतो आणि निघून जातो. १८९५ साली मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा होतो. अशी गोष्ट ऐकल्यावर कुठल्या तरुण माणसाला शेजारच्या सीटवरच्या प्रवाशाकडे आशेनं पाहावंसं वाटणार नाही? आमच्या शेजारी बसलेले काका चिचोंडी पाटीलला उतरेपर्यंत घोरत होते.

जामखेडचा रस्ता गमतीचा आहे. निघायचं नगर जिल्ह्यातून, कडा, आष्टी करत बीड जिल्हा ओलांडायचा आणि परत नगर जिल्ह्यात शिरायचं. (जिल्हा आता अहिल्यानगर, अहिल्याबाईंचं जन्मगाव चोंडी जामखेड तालुक्यातच आहे.) दोन्ही बाजूंना भगभगीत माळ, मधूनच एखादं ज्वारीचं काढून झालेलं रान. खिडकीशी बसलेल्या भाचीला मी यिर्मयाचा तो अध्याय सुरुवातीपासून वाचायला लावला. मोबाइलवर का होईना, वाचला तिनं. ते वचन एकट्यादुकट्याला लिहिलेलं नाही. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेलं पत्र आहे. सत्तर वर्षं सुटका नाही, तेव्हा तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात आधी येतं. कॅलेंडर छापणाऱ्यांना एवढी जागा नसते.

आरोळे पतीपत्नी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० मध्ये परतले. गावातल्या पुढाऱ्यांशी बोलून, बोलावणं आल्यावर त्यांनी जामखेड धरलं. सुरुवात झाली जनावरांच्या एका जुन्या दवाखान्यात. यांच्या मनात आरोग्य. लोक म्हणाले, आधी पाणी आणि पोटाला अन्न. मग तेच आधी. बोअर घेतले ते दलित वस्तीत, म्हणजे बाकीच्या गावाला घागर घेऊन तिथे यावं लागलं. पुढे शिकलेल्या नर्सेस खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावानंच निवडलेल्या बायकांना शिकवायला सुरुवात झाली. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. लग्नात घेतलेल्या शपथेत यातलं काही नव्हतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये.

आरोळ्यांच्या आरोग्य प्रकल्पाच्या आवारात कडुनिंबाखाली एक म्हातारी आरोग्य कार्यकर्ती भेटली. मी सवयीनं "सलाम" म्हटलं, तिनं "रामराम" म्हणत पदर सावरला. जुलाब झालेल्या लेकराला पाणी कसं करायचं ते तिनं भाचीला दाखवलं, समोर मीठ नव्हतं की साखर नव्हती, तरी. तीन बोटांची चिमूट केली: मीठ. मूठ अर्धी मिटली: साखर. मग हवेतल्या तांब्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "डोळ्यातल्या पाण्यापरीस खारट लागलं तर सांडून द्यायचं, दुसरं करायचं." बोटं सांध्यात वाकलेली, पण माप ठाम. भाची हे सगळं पुस्तकात शिकली आहे. तरी तिनं स्वतःची चिमूट धरून पाहिली, आणि म्हातारीनं तिचा अंगठा मागे सरकवला.

"आजी, हे काम देवानं तुमच्यासाठी ठरवलं होतं, असं वाटतं का तुम्हाला?"

"मला काय म्हाईत बाय? गावानं बसून नाव काढलं. मालक नगं म्हनत हुता. म्या म्हनलं, बघू तर जाऊन."

भाची गप्प बसणारी नव्हे. परतीच्या गाडीत आष्टी येईपर्यंत वाद घालत होती. गावानं नाव काढलं म्हणजे देवानं काढलं, असं कसं म्हणायचं? गावं काय कमी चुकतात? आणि आजी तर ख्रिस्ती पण नाही. मुद्दे बरोबर होते. मी एवढंच म्हटलं की आरोळ्यांना बायबल पाठ होतं, तरी पाणी आधी हवं हे त्यांना जामखेडच्या शेतकऱ्यांनी सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं.

"मग मला कोण सांगणार?"

"तुझ्या वॉर्डात कोण परतपरत ॲडमिट होतं?"

तिनं लगेच सांगितलं. डायलिसिसचे रुग्ण नव्हेत, अपघाताचे नव्हेत. ऊसतोडीहून येणाऱ्या बायका, प्रत्येक खेपेला रक्त कमी. लोहाच्या गोळ्या देतात, डिस्चार्ज करतात, हंगाम सुरू झाला की त्याच बायका पुन्हा. एकीचं नाव, टोळीचं गाव, मुकादमाचा नंबरसुद्धा तिला ठाऊक होता. कड्याला गाडी चहाला थांबली तरी तिचं चालूच होतं, आणि आखाताच्या अर्जाची तारीख शुक्रवारी आहे हेही तिनं त्याच दमात सांगितलं.