सीलबंद पाकीट

मंडळी, यवतला राहणाऱ्या माणसाला ट्रकच्या नंबरप्लेट वाचायची सवय आपोआप लागते. पुणे-सोलापूर रस्ता आमच्या उशाशीच. केए, टीएस, एपी, टीएन, आरजे... शाळेत असताना राज्यांची नावं पाठ करून घ्यायला मी याच पाट्यांचा उपयोग करत असे. मुलं सुट्टीत रस्त्याकडेला उभी राहून पाट्या टिपून आणायची. पण इतक्या वर्षांत परदेशी पाटी कोणाच्या वहीत आली नाही. तुम्ही म्हणाल, बाई, यवतला परदेशी ट्रक कशाला येईल? खरं आहे. पण आपल्या महाराष्ट्रातला कांदा आणि द्राक्षं ट्रकने बांगलादेशाच्या हद्दीपर्यंत जातातच की. माल पुढे जातो, मग गाडी तिथेच माघारी का वळते?

याचं उत्तर शोधताना मला आधी आपला जकात नाका आठवला. नव्या पिढीला तो ठाऊक नसेल. शहरात येणाऱ्या मालावर पालिका कर घ्यायची आणि तो वसूल करायला वेशीवर नाका असायचा. ट्रक थांबवा, बिलं दाखवा, पावती फाडा, मग पुढे जा. गुळाच्या ढेपा असोत की सिमेंट, रांगेत सगळे सारखे. आपल्याकडे नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. पुण्याची १ एप्रिल २०१३ ला गेली आणि तिच्या जागी एलबीटी आला. मुंबईची मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत टिकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत २२ राज्यांनी हद्दीवरचे कराचे तपासणी नाके उठवले. २०१८ च्या एप्रिलपासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागू लागलं. कर काही माफ झाला नाही. तो रस्त्यावर घेण्याऐवजी माल निघतो तिथेच नोंदला जाऊ लागला, एवढंच.

ही युक्ती काही आजची नाही. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून बुऱ्हाणपूरपर्यंत आणि तिथून ओरिसापर्यंत पहाऱ्याची रेषा आखली होती. बऱ्याच भागात तर काटेरी झाडांचं कुंपणच वाढवलं होतं. सुमारे बारा हजार माणसं पहाऱ्यावर होती. पुढे सांभरसारखी मिठाची ठिकाणं इंग्रजांच्या ताब्यात आली, कर तिथल्या तिथे घेता येऊ लागला आणि १८७९ मध्ये ती रेषा मोडीत निघाली. तपासणी उगमापाशी नेली की वाटेवरचं कुंपण लागत नाही, हा धडा जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच मिळाला होता.

दोन देशांमध्ये हेच कसं करायचं? त्यासाठी टीआयआर नावाचा करार आहे. युरोपात त्याची सुरुवात १९४९ मध्ये झाली आणि आजचा करार १९७५ चा आहे. तो मला समजला दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकांवरून! बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट सीलबंद असतं. ते कस्टडीतून केंद्रावर जाताना वाटेत कोणी फोडून बघत नाही. केंद्रावर पोचल्यावर सील शाबूत आहे ना, एवढं बघतात, सह्या करतात आणि मगच उघडतात. टीआयआरमध्ये ट्रकचं तसंच. माल निघतो तिथले कस्टमवाले सील लावतात. मधले देश सील आणि कागद पाहून गाडी सोडतात. मुक्कामाला पोचल्यावर सील उघडतं. वाटेत काही गडबड झालीच तर कराची हमी आधीच दिलेली असते. भारत या करारात २०१७ मध्ये सामील झाला. आपल्याकडे हमीचं काम फिक्की ही संस्था बघते. २०१९ च्या मार्चमध्ये या पद्धतीने पहिला माल अफगाणिस्तानातून इराणच्या चाबहार बंदरामार्गे भारतात आला.

म्हणजे मालाची सोय झाली म्हणायची. माणसाची?

माझा एक जुना विद्यार्थी ट्रक चालवतो. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, भूगोलात मात्र पुढे. काही वर्षांपूर्वी तो कांदा घेऊन देशाच्या हद्दीवर गेला आणि रांगेत अडकला. एक दिवस नाही, दोन नाही, पंधरवडा जवळ आला. गाडीखाली स्टोव्ह लावून स्वयंपाक, केबिनमध्ये झोप, पाणी विकत. मजुरी खेपेवर, त्यामुळे थांबलेल्या दिवसांचे पैसे नाहीत. कांद्याला मोड यायला लागले. तेवढ्यात वडील गेल्याचा फोन आला. माल त्याच्या जबाबदारीवर, गाडी सोडून निघता येईना. घरी पोचला तो थेट दशक्रियेला. मला म्हणाला, "बाई, गाडी चालवून माणूस थकत नाही, रांगेत बसून थकतो."

मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण तेव्हापासून पेपरमध्ये सीमेवरच्या रांगेची बातमी आली की मी आधी माणसं मोजते, ट्रक नंतर. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात एकदम बंद झाली, तेव्हा बांगलादेशच्या हद्दीवर कितीतरी ट्रक उभे राहिले. आपल्याकडे चर्चा झाली ती भावाची. केडगावच्या बाजारात कांदा घालणाऱ्यांच्या गावात ती होणारच. पण त्या केबिनमध्ये बसलेल्यांचं कोणी फारसं बोललं नाही.

बांगलादेशाशी जमिनीवरून चालणाऱ्या आपल्या व्यापाराचं सर्वात मोठं ठाणं म्हणजे पश्चिम बंगालमधलं पेट्रापोल. तिथून भारतीय ट्रक पलीकडे बेनापोलपर्यंत जातो, माल उतरवतो आणि परत फिरतो. पुढे तिकडचा ट्रक. म्हणजे दोनदा हमाली, आणि नाशिवंत माल असेल तर दोनदा नुकसान. १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी एकमेकांच्या गाड्या चालू देण्याचा करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याहून ढाक्यामार्गे आगरतळ्याला एक ट्रक चाचणीसाठी गेला. गुवाहाटीकडून जाणाऱ्या वळशापेक्षा ही वाट बरीच जवळची. पण भूतानने संमती रोखली आणि पुढची गाडी कागदावरच रेंगाळली. नेपाळचं बरं आहे. १९५० च्या मैत्री करारामुळे आपल्या माणसाला तिथे व्हिसाच लागत नाही. कोलकात्याहून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरना २०१९ पासून इलेक्ट्रॉनिक सीलही लागू लागलं.

उगाच भाबडेपणा नको, हेही मला कळतं. २०१९ च्या जूनमध्ये अटारीला पाकिस्तानातून आलेल्या मिठाच्या पोत्यांत पाचशे किलोहून जास्त हेरॉइन सापडलं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ते ठाणं बंद केलं गेलं, तेही समजण्यासारखं आहे. तपासणी हवीच. पण परीक्षेत कॉपी पकडायची म्हणून कोणी प्रत्येक मुलाला तीन दिवस वर्गाबाहेर उभं करत नाही. संशय असेल त्याची झडती घ्या, बाकीच्यांना पेपर लिहू द्या.

आता तुमच्यापैकी ज्यांची मुलं जर्मनी-हॉलंडला आहेत, त्यांच्यासाठी एक गंमत. शेंगेन व्हिसासाठी आपण खेटे घालतो, पण त्या मोकळ्या सीमांच्या मागे ट्रकवाले आहेत हे ठाऊक आहे का? १९८४ च्या फेब्रुवारीत आल्प्समधल्या नाक्यांवर कस्टमच्या संथ कामाला कंटाळून ट्रक ड्रायव्हरांनी रस्ते अडवले. त्याच जुलैमध्ये फ्रान्स आणि जर्मनीने सीमेवरची तपासणी कमी करायचं ठरवलं. पुढच्या वर्षी १४ जूनला पाच देशांनी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी सह्या केल्या आणि १९९५ मध्ये ते अमलात आलं. नातवंडांना भेटायला जाताना आपण एका देशातून दुसऱ्या देशात शिरलो हे गाडीत कळतसुद्धा नाही, त्याचं थोडं श्रेय त्या थकलेल्या ड्रायव्हरांना द्यायला हवं.

आपल्या शेजाऱ्यांशी संबंध कधी गोड, कधी कडू, ते चालायचंच. पण संबंध बरे असतात त्या दिवसांत तरी नेहमी जाणाऱ्या ड्रायव्हरला पडताळणी करून वर्षभराचा परवाना द्यावा. रांगेत टोकन मिळावं, म्हणजे घरी किती दिवसांनी पोचू हे त्याला सांगता येईल. शौचालय, पाणी आणि पाठ टेकायला जागा, एवढं तरी प्रत्येक ठाण्यावर असावं. आणि घरात काही बरंवाईट झालं तर गाडीची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवून त्याला निघता यावं. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर कोणत्याही देशाच्या सहीची गरज नाही.