मंद आच

राजापेठेतले आमचे जुने घर पाडून त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, तेव्हा अंगण गेल्याचे दुःख आम्ही रीतसर केले. अंगणातली चूलही गेली, हे मात्र चैत्रात आईने पाच किलो गहू भिजत घातले तोवर कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

पुस्तकी मराठीत जिला कुरडई म्हणतात ती आमच्याकडची कुरोडी. तिची सारी भिस्त आंबण्यावर. गहू तीन दिवस पाण्यात राहतात, पाणी रोज बदलायचे, तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास सुटतो. मग वाटून, पिळून, गाळून काढलेला चीक रात्रभर निवळू द्यायचा. वरचे पाणी टाकून पहाटे तो आधणात शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. निवळण्यापर्यंतचे सारे सदनिकेतही जमले. अडले ते आगीपाशी. आईचा मोठा गंज ओट्यावरच्या शेगडीच्या एका बर्नरवर बसेना, म्हणून तो दोन्हींवर मिळून ठेवला. आधण यायला तासाहून अधिक वेळ लागला. चीक दोन ठिकाणी करपला आणि मध्ये कच्चा राहिला. शेगडीची बटणे हात लावू नये इतकी तापली. आई चिडली नाही. ‘झालं, आता पुढच्या साली नाई’ एवढेच म्हणाली. ते मला चिडण्यापेक्षा वाईट वाटले.

दुसऱ्याच दिवशी मी इतवारा बाजारात गेलो. दुकानदाराने केटरिंगवाले वापरतात ती बिडाची भट्टी पुढे केली. सोबत जास्त दाबाचा रेग्युलेटर. तिची ज्वाला पाहून मी भारावलो, हे कबूल केले पाहिजे. भाषेच्या मास्तरांना मोठ्या आवाजाचे आकर्षण असतेच. पैसे देणार तोच अमेरिकेतल्या भाच्याची आठवण झाली, आणि मी उद्यावर ठेवून परतलो.

हा भाचा तिकडे हौसेने घरी बिअर करतो. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना असे करणे गुन्हा. तिकडे १९७८च्या कायद्याने स्वतःपुरती करण्यास केंद्रीय मुभा मिळाली. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोडसर अर्क काढायचा, तो हॉप्सच्या फुलांसह तासभर उकळायचा, निववायचा आणि मग आंबवायचा. म्हणजे आमच्याकडे आंबवून शिजवणे, त्याच्याकडे शिजवून आंबवणे. अडचण मात्र तीच: वीस लिटरचे भांडे आणि स्वयंपाकघरातली शेगडी.

‘मामा, ती भट्टी घरात लावू नका,’ तो फोनवर म्हणाला. त्यालाही मित्रांनी अंगणात वापरायचा मोठा बर्नर सुचवला होता. तसल्या आगीला हवा फार लागते. बंद खोलीत ती अपुरी पडली, किंवा ज्वाला थंड, रुंद बुडाखाली कोंडली, की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. शिवाय आपला गॅस हवेहून जड. गळला तर जमिनीलगत साचतो. मग त्याने हिशेब मांडला. वीस लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला न्यायला १४०० किलोकॅलरी लागतात. घरगुती शेगडीच्या भारतीय मानकात किमान ६८ टक्के उष्णता भांड्यात उतरावी अशी अट आहे. त्या हिशेबाने गॅस लागतो अवघा १९० ग्रॅमच्या आसपास. दोन किलोवॉटच्या बर्नरवर वेळ मात्र सव्वा तास. ‘म्हणून मी निम्मं निम्मं करतो,’ तो म्हणाला.

रात्री मी पाककृतींची पुस्तके काढून बसलो. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०ची. तिच्या आगेमागे आलेलीही काही. ‘मंद आचेवर’ हा शब्दप्रयोग ह्या वाङ्मयात किती सहज येतो! पण आच म्हणजे ज्वालेची उंची नव्हे. आच लागते ती पदार्थाला, धग लागते ती जवळ बसणाऱ्याला, आणि जाळ असतो चुलीत. चुलीवर आई लाकूड मागे ओढून जाळ कमी करी, पण निखाऱ्यांमुळे आच टिकून राही, तीही बुडाला सगळीकडे सारखी. गॅसचे बटण ‘सिम’वर नेले की ज्वाला लहान होते आणि बुडाच्या मधल्या वर्तुळापुरतीच उरते. आम्ही गमावले होते ते निखारे. मी विकत घ्यायला निघालो होतो तो जाळ.

भट्टीचे चित्र आईला फोनवर दाखवले. तिने चष्मा लावून पाहिले. ‘जाळ मोठा कायले पायजे? गंजाचं बूड जाड पायजे,’ ती म्हणाली.

शेवटी रुंद बर्नरची, आयएसआय चिन्हाची साधी शेगडी घेतली, आणि बारा लिटरचे जाड बुडाचे पातेले. शेगडीपेक्षा पातेलेच महाग पडले. अक्षय तृतीयेच्या आधी आईने पुन्हा गहू भिजवले, ह्या खेपेला तीनच किलो, आणि तेही दोन घाण्यांत शिजवायचे ठरले. पहाटे साडेचारला खिडक्या उघडल्या. ज्वाला पूर्ण निळी होती. आधण वीस मिनिटांत आले. मीठ, हिंग, मग चीक. मी घोटत राहिलो आणि आई नुसती चमच्याने उचलून पाहत राहिली. पांढरा चीक काचेसारखा झाला तेव्हा तिने बटण बंद केले.

उन्हे यायच्या आत गच्चीवर पांढऱ्या चादरीभर कुरोड्या पडल्या. नातवंडांसाठी वाट्यांत गरम चीक, त्यावर तूप आणि साखर. आई पातेल्याचा तळ चमच्याने खरवडत होती. खरवड काही निघाली नाही, आणि त्याबद्दल ती थोडी खट्टूच झाली.