धाकटीचं गाऱ्हाणं

थोरल्या बहिणीच्या त्यागाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. धाकटीची बाजू मांडणारी वकील मला मात्र भलत्याच ठिकाणी भेटली. हाँगकाँगच्या एका कँटनी मारधाडीच्या चित्रपटात! आणि तीही चक्क एका मारेकरणीची बहीण!

हसू नका. ‘सो क्लोज’ हा चित्रपट 2002 सालचा. आईवडिलांच्या खुनानंतर पोरक्या झालेल्या दोन बहिणी सुपाऱ्या घेऊन माणसं मारतात. थोरली म्हणजे शू ची; पांढरा शुभ्र सूट घालून ती शत्रूच्या इमारतीत शिरते. धाकटी झाओ वेई; ती संगणकापुढे बसून इमारतीतल्या कॅमेऱ्यांतून सारं पाहते आणि थोरलीला वाट दाखवते. दोघींच्या मागावर असलेली पोलीस अधिकारी कॅरेन मोक. म्हणजे पाठलाग करणारीही बाईच!

बायकांची ही झुंज पाहून नवल वाटायचं कारण नाही. दिग्दर्शक कोरी युएन लहानपणी यू जिम-युएन या गुरूंच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत घडलेला. जॅकी चॅन त्याचा गुरुबंधू. त्या नाट्यात कोलांट्या आणि तलवारबाजी ही अभिनयाचीच अंगं. लढणाऱ्या स्त्रीची भूमिकाही तिथे जुनीच. खुद्द गुरूंची मुलगी यू सो-चाऊ 1950 च्या दशकात हाँगकाँगच्या पडद्यावर तलवार घेऊन गाजली होती.

पण माझं लक्ष हाणामारीत नव्हतंच. धाकटीचं मागणं एवढंच, की मलाही बाहेर जाऊ दे. थोरली नाही म्हणते. रक्त आपल्या हाताला लागलं तेवढं पुरे, हिच्या हाताला नको. पुढे थोरलीला प्रेम सापडतं, हा धंदा सोडावासा वाटतो. धाकटी हट्टानं एकटीच कामगिरीवर निघते. आणि चित्रपट संपायच्या आतच थोरली मारली जाते. उरलेलं सगळं धाकटीला निस्तरावं लागतं, तेही सांगायला थोरली नसताना.

आमची ताई काही मारेकरीण नव्हती. पण वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची, ती एकोणीसची. कॉलेज सोडून ती नोकरीला लागली. रॉकेलची रांग तिची, घरमालकाशी भांडण तिचं, मामांकडे उसने पैसे मागायला जाणंही तिचंच. मी मध्ये बोलले, की उत्तर ठरलेलं : “तू पुस्तक घेऊन बस.” माझा पहिला पगार मी तिच्या हातावर ठेवला; तिनं तो माझ्याच नावानं बँकेत टाकला. लोक म्हणाले, नशीबवान आहेस. होतेच मी. पण त्या रात्री मला रडू आलं. ज्या घरासाठी झिजायची मुभा नाही, त्या घरात माणूस पाहुणाच राहतो.

गेल्या वर्षी ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि महिनाभर तिचं घर मी चालवलं. पलंगावरून तिचे हुकूम सुटायचे : “किल्ली गव्हाच्या डब्यामागे आहे. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.” एका दुपारी ती आपणहून म्हणाली, “मामांचे पैसे कसे फेडले, ठाऊक आहे तुला?” आणि तिनं सांगितलं. आईच्या पाटल्या कुठे गेल्या, ते मला साठी उलटल्यावर कळलं. सांगून झाल्यावर ताई स्वस्थ झोपली. मी तशीच बसून राहिले. पण त्या घरात मी आता पाहुणी नव्हते.

पडद्यावरच्या धाकटीला अशी दुपार मिळाली नाही. म्हणूनच तिची दया येते.

आपल्या दिवाळीत भावाबहिणींसाठी एक दिवस राखून ठेवला आहे. दोन बहिणींसाठी नाही. तशी तिथी पंचांगात येईल तेव्हा येवो. तोवर थोरल्या बहिणींना एकच विनंती : धाकटीला साडी द्याच, पण घरातली एखादी किल्लीही द्या. आणि ती देताना ती कुठल्या कुलपाची आहे, तेही सांगा.