पंधरा वॅटला किती तापतं?

सांगलीत पदविकेच्या मुलांना मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, घर साताऱ्यात आहे. माझ्या वर्गातली पोरं पाटण, कराड, वाळवा, तासगाव अशा तालुक्यांतून येतात. 'वॅट' त्यांना नवा नसतो. पाटणच्या मुलाला कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा आहे हे तोंडपाठ असतं. विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर असलेल्या घरातल्या मुलाला एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे एकदा सांगितलं की पुरतं. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं तास संपता संपता विचारलं, "सर, पंधरा वॅटला ठेवलं तर किती तापतं?" तेव्हा मला वाटलं, तो सोल्डरिंग आयर्नबद्दल बोलतोय. मागच्या बाकावरून दबका आवाज आला, "व्हेपचं विचारतोय, सर."

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. पुण्यात शिकणाऱ्या मित्राकडे त्यानं ते यंत्र पाहिलं होतं. त्यावर छोटा पडदा होता आणि बटण दाबलं की वॅटचा आकडा खालीवर होत होता. मित्रानं त्याला सांगितलं होतं, आकडा कमी ठेवला की काही होत नाही. मुलाला ते खरं आहे का, एवढंच हवं होतं. प्रश्न सरळ होता आणि माझ्या विषयातला होता. शिक्षकानं अशा वेळी डोळे वटारले तर मूल उत्तरासाठी पुन्हा त्या मित्राकडेच जातं. पुढचं प्रात्यक्षिक मी याच प्रश्नावर घ्यायचं ठरवलं. यंत्र मात्र प्रयोगशाळेत आणायचं नाही हे पहिल्यांदाच स्पष्ट केलं. केंद्र सरकारनं १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात, सगळ्यालाच बंदी आहे. आम्हाला त्या यंत्राची गरजही नव्हती. नायक्रोमची तार, कापूस, मल्टिमीटर, थर्मोकपल आणि टेबलावरचा पॉवर सप्लाय पुरेसा होता.

आधी फळ्यावर रचना काढली. लिथियम-आयन सेल, त्याला जोडलेली बारीक तारेची कॉइल, कॉइलमध्ये कापसाची वात आणि वातीत मुरलेलं द्रव. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन. २००३ मध्ये चीनमधल्या होन लिक या औषधनिर्मात्यानं आजच्या ई-सिगारेटचा आराखडा केला, तेव्हा द्रवाचे कण करायला त्यानं अल्ट्रासाउंडची कंपनं वापरली होती. पुढे तापणाऱ्या तारेनं ती जागा घेतली. तार आली आणि तिच्याबरोबर ओहमचा नियमही आला.

मुलांना मी गणित घातलं. सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, उतरत आला की ३.४ च्या आसपास. कॉइलचा रोध दीड ओहम. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे वॅट. भरलेल्या सेलवर जवळपास ११.८ वॅट आले, उतरलेल्यावर ७.७. म्हणजे सेल नुसता कॉइलला जोडला तर सकाळी आणि संध्याकाळी उष्णता वेगळी. मग व्होल्टेज बदलता येणारी यंत्रं आली, पण त्यातही अडचण राहिली. ४ व्होल्टवर दोन ओहमची कॉइल ८ वॅट घेते आणि एक ओहमची १६. कॉइल बदलली की आकड्याचा अर्थच बदलला.

वॅट बदलणारं यंत्र ही अडचण सोडवतं. बटण दाबताच त्यातला मायक्रोकंट्रोलर आधी थोडा करंट सोडून कॉइलचा रोध मोजतो. आपण मागितलेले वॅट गुणिले रोध, त्याचं वर्गमूळ, म्हणजे लागणारं व्होल्टेज. १५ वॅट हवे आणि कॉइल ०.६ ओहमची असेल तर ३ व्होल्ट पुरतात, सेलचं व्होल्टेज खाली आणावं लागतं. कॉइल दीड ओहमची असेल तर ४.७४ व्होल्ट लागतात आणि तेवढे सेलकडे नसतात. तेव्हा बूस्ट कन्व्हर्टर कामाला लागतो. मॉसफेटचा स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमिट करतो, इंडक्टर ऊर्जा साठवून वरच्या व्होल्टेजला सोडतो. सेल उतरत गेला तरी पडद्यावरचे १५ वॅट १५ च राहतात. हे अभ्यासक्रमातच असतं, एरवी मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात. त्या दिवशी त्यांनी स्वतः वर्गमुळं काढली.

मग मूळ प्रश्नाकडे आलो. नायक्रोमच्या दोन तारा घेतल्या, एक आखूड आणि बारीक, दुसरी लांब आणि जाड. व्होल्टेज जुळवून दोन्हींना १५ वॅटच दिले. बारीक तार लालभडक झाली, जाड तार काळीच राहिली. ज्यानं प्रश्न विचारला होता तो पुढे येऊन दोन्ही मीटर पाहून गेला. वॅट म्हणजे दर सेकंदाला ओतलेली ऊर्जा. तापमान ठरतं ते ती ऊर्जा किती धातूत शिरते, किती पृष्ठभागातून निघून जाते, हवा किती खेळते आणि वात किती ओली आहे यावर. पडद्यावरचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

वातीचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॉइलमध्ये पाण्यानं भिजवलेला कापूस ठेवला आणि थर्मोकपल टेकवलं. पाणी होतं तोवर मीटर शंभर अंशांच्या आसपास घुटमळत होता, कारण ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात जात होती. पाणी आटलं, वॅट तेवढेच होते, आणि आकडा झरझर चढला. कापूस आधी पिवळा, मग तपकिरी झाला, करपल्याचा वास सुटला. ई-सिगारेटमध्ये पाण्याच्या जागी १८८ अंशांना उकळणारं प्रोपिलीन ग्लायकॉल आणि २९० अंशांना उकळणारं ग्लिसरीन असतं. ते वातीत पुरेसं नसलं की तापमान चढतं आणि त्यांचंच विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन अशी घातक रसायनं तयार होतात.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याच मुद्द्यावर एक टिपण लिहिलं. ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नव्हती, ५ व्होल्टवर भरपूर सापडली. इतर संशोधकांनी आक्षेप घेतला की एवढ्या व्होल्टेजला वात कोरडी पडते आणि इतका करपट झुरका कोणी ओढणारच नाही. मुलांना मी दोन्ही बाजू सांगितल्या. या वादातून त्यांनी एकच गोष्ट घ्यावी असं मला वाटत होतं. शास्त्रज्ञांनाही कॉइल, वात आणि द्रव यांचा हिशेब केल्याशिवाय नुसत्या व्होल्ट-वॅटवरून निष्कर्ष काढता येत नाही. मग खिशातल्या यंत्राचा आकडा पाहून 'काही होत नाही' असं कोणी म्हणावं, याला आधार काय?

एका मुलीनं विचारलं, "सर, मग थेट तापमानच का मोजत नाहीत?" यासाठी मी घरातून ६० वॅटचा जुना बल्ब नेला होता. २३० व्होल्टवर पेटलेल्या त्या बल्बचा रोध सुमारे ८८० ओहम येतो. थंड बल्बला मल्टिमीटर लावला तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. निकेल, टायटॅनियम, स्टेनलेस स्टील यांचाही वाढतो, म्हणून त्या तारांच्या कॉइलमध्ये काही यंत्रं रोधावरून तापमानाचा अंदाज घेऊन वॅट कमी करतात. नायक्रोमचा रोध फारसा हलत नाही, तिथे यंत्राला काही कळत नाही. आणि तापमान आवरलं तरी निकोटीन आवरलं जात नाही. वॅट वाढवले की प्रत्येक झुरक्यात जास्त द्रव आणि जास्त निकोटीन जातं. वॅट कमी केले तर माणूस लांब झुरके घेतो, वरचेवर घेतो. मेंदूला लागलेली तलफ पडद्याकडे पाहत नाही.

पुढे साताऱ्याजवळच्या एका गावात पालकांच्या बैठकीत याच विषयावर बोलायला मला बोलावलं. आमच्या भागात निपाणी पट्ट्यातली तंबाखू पिढ्यान्पिढ्या ओळखीची, आणि घराघरांत मशेरी. बैठकीतल्या एका आजींनी विचारलं, "मास्तर, ही तर नुसती वाफ हाय म्हनत्यात. जाळ न्हाई, धूर न्हाई. मग तरास कशाचा?" मी त्यांनाच विचारलं, मशेरी कशी भाजता? त्यांनी खुलून सांगितलं: तवा तापवायचा, तंबाखू काळी होईस्तोवर हलवायची, जाळ कमी पडला तर कच्ची राहते, जास्त झाला तर राख होते. मग मला वेगळं काही समजवावं लागलं नाही. मशेरी भाजतानाही जाळाच्या उष्णतेनं तंबाखूत नवी घातक रसायनं तयार होतात, आणि जाळ कितीही बेताचा ठेवला तरी तंबाखूत निकोटीन राहतंच. ई-सिगारेटमध्ये जाळाची जागा कॉइलनं घेतली आहे. तोंडातून बाहेर येतो तो पाण्याच्या वाफेचा ढग नसतो, रसायनांच्या अतिसूक्ष्म थेंबांचा असतो. आजींनी शेजारच्या सुनेकडे वळून तेच पुन्हा आपल्या शब्दांत सांगितलं.

त्या बैठकीत मी सेलबद्दलही बोललो. एका सेलवरून ८० वॅट ओढायचे तर पंचवीस अँपिअरच्या आसपास करंट लागतो. चोरून आलेल्या मालात सेलवर छापलेली क्षमता खरी असेल याची खात्री कोण देणार? लिथियम सेल शॉर्ट झाला की आग लागू शकते, आणि हे यंत्र खिशात असतं. कायद्याचंही सांगितलं. विक्रीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मित्राच्या भरवशावर दोन-चार यंत्रं पुण्याहून आणून विकायचा विचार करणाऱ्या मुलाला हे आधीच ठाऊक असायला हवं.

आता दुसऱ्या वर्षाला कन्व्हर्टरचं प्रकरण आलं की मी हा प्रयोग दर वेळी घेतो. सर्किटवर माझं प्रेम आहे. बूस्ट कन्व्हर्टर ही माणसाच्या बुद्धीची सुंदर निर्मिती आहे. सौरपंपात, एलईडी दिव्यात, विजेच्या गाडीत तो रोज उपयोगी पडतो. तोच कन्व्हर्टर सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला निकोटीनची सवय लावायला वापरला जातो याचा मला राग येतो. म्हणून शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, मुलांनी विचारलं तर त्यांना आकड्यांसकट सांगा. आणि सवय लागलेलीच असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या मदतीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक त्यांना द्या. माझ्या प्रयोगशाळेच्या फळ्यावर तो सूत्राच्या शेजारीच लिहिलेला असतो.