तित्तरांच्या मागावर, उतारवयात

उतारवयात रानपाखरांच्या मागे लागणाऱ्याला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या माळावर बंदूक निरुपयोगी ठरते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तित्तर-लाव्यांची शिकार बंद आहे. फास लावणे, अंडी उचलणे हेही त्यात शिकारच धरले जाते. बंदीआधी फासेपारधी पाळीव तित्तर पिंजऱ्यात बोलता ठेवत आणि भोवती फास मांडत. कौशल्य अव्वल होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कुत्र्याचा प्रश्न वेगळा. दख्खनचा कारवान नजरेच्या जोरावर सशामागे सुटणारा. वासावर पाखरू हेरून जागीच थिजणारा पॉइंटर युरोपातला. नवशिक्याने दोघांनाही घरी ठेवावे, कारण तित्तर आणि लावे जमिनीवर घरटे करतात. मोकळे कुत्रे अंडी-पिल्लांचा फडशा पाडते.

उरते निरीक्षण, आणि ते साठीनंतरही सहज जमते. तित्तर उजाडताना कर्कश ओरडतो, तेव्हा आधी कान लावावा. तो उडण्यापेक्षा पळणे पसंत करतो. फार जवळ गेल्यास फडफडाट करत उठतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा झुडपात शिरतो. गळ्याचा पिवळट डाग काळ्या रेषेने वेढलेला असतो, नराच्या पायाला आर असते. रात्री तो काटेरी झाडावर बसतो. लावा दिसणे नशिबाचा भाग. पावसाळी गवतात तो पायाखालून उठेपर्यंत पत्ता देत नाही. पखुर्ड्यांसाठी सकाळी पाणवठ्याशी, आडोशाला बसावे. त्यांचा नर पोटाची पिसे भिजवून पिल्लांना पाणी नेतो.