लॅच

डोंबिवलीत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला उंबऱ्याबाहेर आले आणि गॅलरीतून आलेल्या वाऱ्याने दार धाडकन लागलं. अंगावर गाऊन, पाय अनवाणी, मोबाइल आत, चावी आत, गॅसवर डाळीचा कुकर. दुसरी चावी नवऱ्याच्या बॅगेत, म्हणजे फोर्टात. तो लगेच निघाला असता तरी दीडेक तास लागलाच असता.

समोरच्या काकूंनी चावीचा विषयच काढला नाही. "आधी गॅस बंद करू," म्हणाल्या. पाइप गॅसची उभी लाइन इमारतीच्या मागून वर येते, तिचा व्हॉल्व्ह खाली जमिनीलगत आहे. वॉचमनने तो फिरवला. आतल्या शिट्ट्या थांबल्या, आणि वरच्या मजल्यावरून "गॅस गेला का हो?" सुरू झालं. पण खरी जोखीम पुढेच होती. कुणाचं बटण उघडं राहिलं आणि लाइन पुन्हा सुरू झाली, तर न पेटलेला गॅस घरभर. म्हणून माझ्या घरासकट त्या लाइनीतल्या प्रत्येक घरातली बटणं बंद असल्याची खात्री होईपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, असं काकूंनी वॉचमनला बजावलं.

कुणीतरी म्हणालं, 101 ला फोन करा. आत लहान मूल असतं तर पहिला तोच केला असता. पण शिडी लावूनही फायर ब्रिगेडवाले शिरणार कुठून? प्रत्येक खिडकीला ग्रिल आहे, चोराच्या भीतीने आम्हीच हौसेने बसवलेलं.

काकूंच्या फोनवरून बोलावलेला चावीवाला स्कूटरवरून आला. दाराकडे बघायच्या आधी त्याने काकूंना विचारलं, "ह्या इथल्याच ना?" मग मला, "कडी नाही ना आतून? नुसतं लॅचच?" आणि पिशवीतून जुन्या एक्स-रेची फिल्म काढली.

लॅचची जीभ एका अंगाने उतरती असते, म्हणून दार ओढलं की ती दबून आपोआप लागते. त्याच उतारावर बाहेरून दाब आला की ती मागेही सरते. चौकटीच्या खाचेत बँकेचं कार्ड वळत नाही, फिल्म वळते. त्याने ती लॅचच्या वर फटीत सारली, एका हाताने दार हलवत खाली ओढली. दार उघडलं. मी आत धावले, बटण बंद केलं. डाळ बुडाला लागली होती.

"चावीने लॉक केलेलं असतं तर ही जीभ दबली नसती. ड्रिलच मारावं लागलं असतं," पैसे मोजता मोजता तो म्हणाला. एवढं जाड सागवानी दार नुसत्या फिल्मने उघडलं, याचा मला जरा रागच आला. एक फिल्म मला विकत देऊन जा, म्हटलं.

"विकत कशाला, ताई? घरात कुणाचा तरी गुडघ्याचा एक्स-रे असेलच की."