सातबाऱ्यावरची नावं

सातबारा मी पहिल्यांदा पाहिला तो आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत. तलाठ्यानं शाईनं लिहिलेला. कब्जेदार सदरी आजोबांचं एकट्याचं नाव, इतर हक्कांत विहिरीचा चार आणे हिस्सा.

आजोबा गेले आणि फेरफार झाला. वडील आणि काका कब्जेदार सदरी आले. आजी आणि आत्या इतर हक्कांत गेल्या. पुढे दिवाळीला माहेरी आलेल्या आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली. तिला साडी नेसवली, ओटी भरली. जबरदस्ती कोणी केली नाही. पण तुझा हिस्सा एवढा येतो, हेही तिला कोणी सांगितलं नाही.

वडिलांच्या पश्चात ती ट्रंक माझ्याकडे आली. दिवसकार्य आटोपल्यावर मी तालुक्याच्या गावी एका वकिलांना भेटलो. कागद न पाहताच ते म्हणाले, "बहिणींचं हक्कसोड आणा, बाकी माझ्यावर सोडा." मला आत्या आठवली. मी उठलो.

दुसऱ्या वकीलबाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि आधी वंशावळ मांडली : आई, मी, दोघी बहिणी. मग एकेक विचारत गेल्या. मृत्युपत्र आहे का? जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची? सोसायटीचा बोजा आहे का? बँकेच्या ठेवीला मी नॉमिनी होतो. "पैसे तुमच्या हातात येतील, पण ते चौघांचे," त्या म्हणाल्या. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीतही लेकीचा हक्क लेकाइतकाच, हे त्यांनी बहिणींना समोर बसवून सांगितलं. हक्क सोडायचा असेल तर स्वखुशीनं आणि नोंदणीकृत दस्तानं, घाई नको. हवं तर स्वतःचा वेगळा वकील करा, असंही बजावलं. तलाठ्याकडे वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची, तो अर्ज त्यांनी लगेच तयार केला. कोणत्या कामाची किती फी, तेही लिहून दिलं.

मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. आज आमच्या सातबाऱ्यावर आईसकट चौघांची नावं एकाच सदरी आहेत.

घरातलं माणूस गेल्यावर वकील निवडायची वेळ अनेकांवर येते. जो पहिल्याच भेटीत सगळ्या वारसांची नावं विचारतो, त्याच्या हाती कागद द्या. जो आधी बहिणीची सही मागतो, त्याची पायरी पुन्हा चढू नका.